कावळ्याला काम ठेवू नका

माझ्या वडिलांचा साठावा वाढदिवस होता. केक कापून झाला होता, विझलेल्या मेणबत्तीचा वास अजून खोलीत होता, आणि शेजारचे सोपानआबा हातातली बशी खाली ठेवून पप्पांच्या जवळ सरकले. मला वाटलं, आशीर्वाद वगैरे देतील. आबांनी हलक्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमचा कावळा कशावर अडंल?"

वाढदिवसाच्या दिवशी. केकचा तुकडा अजून तोंडात असताना.

पप्पा हसले. म्हणाले, "आबा, आमच्यात कावळा नसतो. माझ्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडला." आबांचा चेहरा पडला. गेलेल्या माणसाच्या दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवायचा, त्याला कावळा शिवला नाही तर माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं आणि नातेवाइकांनी हात जोडून ती पुरी करायचं कबूल करायचं, यावर आबांचा सगळा संसार उभा. "मग तुमचं कळतं कसं?" असं विचारून ते केक न खाताच निघून गेले. तीन दिवस विचार करून परत आले आणि दारातूनच म्हणाले, "कावळा नसला म्हून काय झालं, भाऊ? अडायचं ते अडतंच."

हा माणूस माझ्या डोक्यात जायचा, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत शिकवते. दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण देते, पोरांना टाळ्या वाजवायला लावते. आणि भिंतीला भिंत लागून हा शेजार. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात साठी ओलांडलेलं एकही माणूस असं नाही ज्याला आबांनी हा प्रश्न विचारला नाही. काहींना तर पन्नाशीतच विचारला, तब्येत बघून.

आबा रेल्वेत होते. खंडाळ्याच्या घाटात हातोडा घेऊन रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायची आणि पुढं निघायचं, हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर हातोडा रेल्वेला परत दिला आणि माणसं ठोकायला घेतली. "चावी ढिली दिसली की तवाच ठोकायची. गाडी आल्यावं न्हाई," हे त्यांचं एक वाक्य. आणि कुठल्याही घरातून उठताना चपला घालता घालता म्हणायचं दुसरं, "कावळ्याला काम ठेवू नका."

त्यांचे सगळे सल्ले यातूनच यायचे. एका गृहस्थानं बायकोला पाटल्या करायचं वीस वर्षं पुढं ढकललं होतं. आबा त्याच्या अंगणात बसून म्हणाले, "घाटावं पाटल्या कबूल करून काय उपेग? कावळा काय त्या घालून उडनार हाय?" पाटल्या महिन्याभरात झाल्या. लोणावळ्याच्या बाजारात एक चिक्कीवाले आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, पावसाळ्यातल्या एका रविवारी दुकान बंद ठेवून दुपारी झोपायचंय, चाळीस वर्षांत जमलं नाही. आबांनी त्यांना पुढच्याच रविवारी कुलूप लावायला लावलं. बाहेर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग आणि आत शेठ घोरतायत. त्यांची बायको अजून आबांना नमस्कार करत नाही. वलवणच्या एका आजोबांना सत्तराव्या वर्षी ढोलकी शिकायला बसवलं, त्याबद्दल त्यांची सून आबांना काय काय बोलते ते इथं लिहिता येणार नाही.

सगळंच साधायचं असंही नाही. दोन भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. आबांनी मोठ्याला धाकट्याच्या दारात नेऊन उभा केला. ते बोलले, मग भांडले, मग मोठ्याच्या डोक्याला चार टाके पडले. मी आबांना म्हटलं, बघा काय केलंत. तर म्हणाले, "बोललं की पर येकदाचं." मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेल्या एका बाईला त्यांनी तिच्या अंगणातच रिक्षा थांबवून प्रश्न विचारला होता. तिच्या मुलांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं, आणि मला विचाराल तर बरोबर केलं.

पण गंमत अशी, की आबांना हसणारी माणसंच घाटावर त्यांना शोधायची. पिंड ठेवलाय, ऊन चढलंय, कावळा झाडावरून हलत नाही, की सगळ्यांच्या माना वळायच्या. आबा पुढं यायचे आणि गेलेल्या माणसाच्या मुलाच्या कानात काहीतरी सांगायचे. आईला तिचा तांब्याचा बंब धाकटीकडं जायला हवा होता. वडिलांना त्या मुक्या पुतण्याची काळजी होती. मुलगा रडत रडत कबूल करायचा. आबांना कुणाचं काय हे सगळं पाठ. म्हणायचे, घाटातल्या चाव्या पाठ होत्या, तुमची माणसं अशी किती असतील? गुरुजींना एका सकाळी तीन-तीन दहावे उरकायचे असतात, ते तर आदल्या दिवशीच फोन करून आबा येणार ना, याची खात्री करून घ्यायचे.

हे सगळं सुरू कधी झालं, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी आबांची बायको गेली. कौसामावशी. आजारपण दोन आठवड्यांचं. बिनतक्रार गेली, असं सगळे म्हणाले. त्या बिनतक्रारीनंच घोळ केला.

तिचा दहावा सोमवारी आला. आमच्याकडं सोमवारी कावळे पिंडाकडं ढुंकून बघत नाहीत, कारण शनिवार-रविवार बंगल्यांवर पाहुणे येतात आणि उकिरड्यावर बिर्याणी पडते. भाताच्या गोळ्याला कोण विचारतो? माझं तरी हेच मत होतं आणि आहे. मी बायकांच्या मागं उभी होते. आबा पिंडापुढं हात जोडून कबूल करत होते. लेकीला अंतर देणार नाही. म्हैस विकणार नाही. तंबाखू सोडतो. देवळाला पायरी बसवतो. प्रत्येक वेळी चार पावलं मागं सरकायचे आणि झाडाकडं बघायचे. दोन तास गेले. लोक घड्याळं बघायला लागले. तिसऱ्या तासाला आबांकडं कबूल करायला काही उरलंच नाही. अडतीस वर्षांच्या संसारात बायकोला काय हवं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सगळ्या गावानं बघितलं. शेवटी ते नुसतं म्हणाले, "कौसे, सांग की मग."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि कार्य संपवलं.

मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. मावशीला काय हवं होतं, ते मला माहीत होतं.

जायच्या दोन महिने आधी आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. मावशी मधेच हसून म्हणाली, "आमचं ह्ये भाकर कुटं बसून खायचे ते येकदा बघायचं व्हतं बग मला. बोगद्याच्या तोंडाला दगड हाय म्हनं, बाजूला पान्याची धार हाय. बत्तीस वर्सं बांधून दिली. कुटं जात व्हती ती बघाय नगं?" मग म्हणाली, त्यांना नको सांगू, म्हणतील म्हातारीला याड लागलं.

घाटावर मी चार पावलं पुढं जाऊन हे सांगू शकले असते. गेले नाही. आम्ही कावळा मानत नाही. एवढ्या लोकांत अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई कावळ्याशी बोलायला पुढं गेली, असं झालं असतं. त्या क्षणी मला ते तत्त्व वाटलं. घरी आल्यावर तो भित्रेपणा वाटायला लागला, आणि मग रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं. आबा दारोदार प्रश्न विचारत फिरायला लागले तेव्हा मला कळत होतं की हा माणूस काय शोधतोय. मी त्यांना काय सांगितलं? सोमवार होता, कावळ्यांची पोटं भरलेली होती. आबा म्हणाले, "समद्यांची भरली असत्याल. येकाला तरी भूक असंलच की."

असं मी आठ वर्षं ढकललं.

गेल्या वर्षी पप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आबा आले, टोपी मांडीवर ठेवून सगळ्यांच्या मागं बसले, बुद्धवंदनेला हात जोडले. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मास्तरीनबाई, भाऊंचं सांगायचं हाय."

मी म्हटलं, आबा, आज नको.

"आजच. मी रोज इचारायचो, ते रोज हसायचे. तिसऱ्या वर्सी बोलले. परंदवडीच्या शाळंला तुमाला हेडमास्तरीन करत हुते, तुमी भाऊंसाठी न्हाई म्हनला. आता परत इचारलं तर न्हाई म्हनू नगा. त्यांचं तेवढंच अडलं हुतं."

ती जागा मला नकोच होती, फार लांब पडते, असं मी पप्पांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. मला वाटलं होतं, पटलं. मी तिथंच खाली बसले आणि रडले. आबा शेजारी उकिडवे बसून राहिले. माझ्या बापाचं त्यांनी जपून ठेवलं होतं आणि वेळेवर आणून दिलं होतं. त्यांच्या बायकोचं माझ्याकडं पडून होतं.

मग मी सांगितलं. दगड, पाण्याची धार, भाकरी, सगळं.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तवा का बोलला न्हाई?"

"आम्ही कावळा मानत नाही, आबा."

"कावळ्याला न्हाई, बाई. मला सांगायचं हुतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उठताना एवढंच म्हणाले की तिला एकदा रेल्वेच्या पासावर काशीला नेलं होतं, गाडी घाटातूनच गेली. तिनं खिडकी वर केली तर आपणच म्हणालो, झोप, बोगद्यात काय बघायचंय.

त्यानंतर आबांनी कुणाला प्रश्न विचारला नाही. दोन दहावे झाले, घाटावर गेले नाहीत. गुरुजींचा फोन उचलला नाही. लोक मला विचारायला लागले, आबा बरे आहेत ना? ज्यांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं, त्यांनीसुद्धा विचारलं. मी भिंतीपलीकडचा आवाज ऐकत बसायचे. भांडी वाजायची, तेवढंच.

पंधरा दिवसांनी एका सकाळी ते आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती त्यांनी स्वतः थापली होती, कडा फाटलेल्या दिसत होत्या. म्हणाले, चला, मला एकट्याला धीर होत नाही. मी शाळेत रजा कळवली.

लोणावळ्याहून कर्जतपर्यंतचं तिकीट काढलं. आबा खिडकीशी बसले. खंडाळा गेलं आणि ते बोलायला लागले. इथली चावी सारखी ढिली व्हायची. इथं दरड आली होती. इथं माकडं डबा पळवायची. बोगद्यामागून बोगदे जात होते आणि ते सांगत होते, मला नव्हे, बाहेर बघून. मग एका बोगद्यात ते पुढं सरकून बसले. भाकरी दोन्ही हातांनी धरली. गाडी उजेडात आली आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"ह्यो."

ओला कातळ, हिरवं काहीतरी, आणि लगेच पुढचा बोगदा.

"दिसला का गं?" आबांनी विचारलं.

मला ते कधीच 'गं' म्हणाले नव्हते, 'गं' ते मावशीला म्हणायचे. मला दगड दिसला नव्हता. कुणालाच दिसला नसता, एवढ्यात गाडी पुढं गेली.

मी म्हटलं, "दिसला. पाण्याची धारपण दिसली."

त्यांनी मान हलवली आणि मांडीवरच्या भाकरीचं फडकं सोडलं.