सबाची सभा

गोविंदराव एडनवाले मराठीची एक ओळ डावीकडून उजवीकडे लिहीत आणि तिच्याखालची उजवीकडून डावीकडे. त्या दुसऱ्या ओळीतली अक्षरंही उलटी, आरशात दिसतात तशी. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर वरची ओळ होती, ‘येथे लोबान, ऊद व धूप’. खालची ओळ वाचायची तर गिऱ्हाइकाला पाटीच्या मागे जावं लागलं असतं, आणि मागे भिंत होती.

“गोविंदराव, सगळं जग सरळ लिहितं,” मी एकदा म्हणालो.

“सरळ? बैल वावरात कसा चालते, सांग बरं. धुऱ्यापर्यंत गेला का वळते, अन् तिकडून नांगरत येते. का त्याले उचलून पुन्हा पहिल्या टोकाले आणून ठेवता तुम्ही? सबाचे लोक जुन्या काळी असेच लिहीत होते. तुमची लेखणी दर ओळीले रिकामी वापस येते, बापू.”

मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. माझी लेखणी दिवसभर रिकामीच फिरत असे.

गोविंदराव आमच्याच मोहल्ल्यातले. तरुणपणी एडनला गेले, बंदरावरच्या एका गोदामात नोकरी केली. तिथल्या बाजारात एक म्हातारा अरब कोरीव अक्षरांचे दगड विकत बसे. डोंगरांच्या पलीकडे, वाळवंटाच्या काठाला मारिब नावाचं शहर होतं, सबा नावाच्या राज्याची राजधानी, हे त्यानेच त्यांना सांगितलं. गोविंदराव मारिबला कधी गेले नाहीत. “पाह्यलं नाई म्हणून तर नीट दिसते,” असं ते म्हणत. त्या अरबाकडचा एक दगड मात्र त्यांच्या गल्ल्याशेजारी कायम असे, आणि बोलता बोलता ते त्यावरून बोट फिरवीत.

हिंगणघाटातल्या प्रत्येक गोष्टीचं नातं त्यांना सबाशी लावता येई. जिनिंगपुढे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली की म्हणत, “सबाचे उंट अस्सेच उभे राहत, लोबान लादून.” चतुर्थीला आई चंद्राची वाट बघत अंगणात बसली की कुंपणापलीकडून आवाज येई, “वहिनी, सबाचा मोठा देव म्हणजे चंद्रच. अल्मकाह त्याचं नाव.”

“असू द्या भाऊजी. त्याले बी एक मोदक ठेवीन,” आई म्हणायची.

खरं सांगतो, संध्याकाळी त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसावं, हवेत कापसाचे तंतू तरंगत असावेत, लोबान जळत असावा आणि त्यांनी हळूहळू सांगत राहावं, की वेणा नदीच्या पलीकडे वाळू दिसायला लागे. मारिबच्या मोठ्या धरणाच्या दोन्ही अंगांना बागा. देवळाच्या पायऱ्यांवर चांदणं. माणूस पाय हलवायचंही विसरे.

पण गोष्टीत धरणाला तडा जायची वेळ आली की कोणाला तरी उठावंच लागे. गिरणीचा भोंगा होई. घरून बोलावणं येई. मग गोविंदराव दगड पुसत बसत. “एक डाव कोणी धरण फुटेपर्यंत बसलं पाह्यजे,” असं ते मला कितीदा म्हणाले असतील. एवढीच त्यांची इच्छा होती.

मी वाचनालयाचा चिटणीस झालो तेव्हा त्यांना एक रविवार देऊन टाकला. फळा त्यांनी स्वतः लिहिला. वरची ओळ, ‘रविवारी सायंकाळी वाचनालयात सबा’. खालची, उलटी ओळ, ‘या प्राचीन राज्यावर व्याख्यान’.

खालची ओळ कोणालाच वाचता आली नाही. वरची सगळ्यांनी वाचली, चिटणिसाने ‘भ’ चुकवला म्हणून मला हसले, आणि सभेला आले. आमच्या जिल्ह्यात तेव्हा माणूस जेवण चुकवी, सभा नाही. कोणी नळाची तक्रार घेऊन आलं, कोणी गिरणीच्या बोनसची. नत्थूजी अडते प्रत्येक सभेचे अध्यक्ष असत. ते येऊन आपणहून मधल्या खुर्चीत बसले. बायकाही आल्या होत्या.

मी खुलासा करायला उठलोच होतो. तेवढ्यात गोविंदराव आत आले आणि एवढी माणसं पाहून दारातच हात जोडून उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी मुकाट्याने खाली बसलो.

ते सांगू लागले. टेबलावर तो दगड, लोबानाचा डबा आणि निखारे घातलेलं धुपाटणं. उंट आले, बागा आल्या, चंद्र आला. भोंगाही झाला, पण कोणी उठलं नाही. ठराव झाल्याशिवाय सभा सोडायची आमच्याकडे रीत नव्हती.

मग धरणाला तडा गेला.

“पाणी पहाटे आलं,” गोविंदराव म्हणाले. “लोक टेकडीवर पळाले. तीबी पळालती. मंग तिले आठवलं, गोठ्यात गाय बांधून आहे. दावं सोडायले ती वापस गेली. गाय आली.” त्यांनी दगड जवळ ओढला. “गाय आली,” पुन्हा म्हणाले.

सबाच्या गोष्टीत ही बाई मी कधी ऐकली नव्हती. मी आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. म्हातारी माणसं सगळी खाली बघत होती. तेव्हा मला आठवलं. गोविंदरावांच्या बायकोला, सुभद्राकाकूंना, वेणेच्या पुराने नेलं होतं. मी तेव्हा अगदी लहान होतो आणि गोविंदराव एडनला होते.

नत्थूजी उठले. आता हे नळाचा ठराव मांडणार, असं मला वाटलं. त्यांनी घसा साफ केला. “ही सभा,” ते म्हणाले, “पुरात गेलेल्या समस्त लोकायबद्दल दुःख व्यक्त करते. दोन मिनिटं सारे उभे राहा.”

“कोन्या गावचे लोक?” मागून कोणीतरी विचारलं.

“चूप. उभा राह्य.”

सगळे उभे राहिले, नळवालेही.

जाताना आई टेबलापाशी थांबली. डब्यातला चिमूटभर लोबान तिने निखाऱ्यावर टाकला. मग तिच्यामागच्या बाईने टाकला, मग एकेकाने. धुरातून खिडकीतला चंद्र अंधुक दिसत होता. गोविंदराव दाराशी उभे राहून, दुःखात भेटायला आलेल्यांना घरचा माणूस करतो तसा, प्रत्येकाला नमस्कार करत होते.

माणसं पांगल्यावर मी म्हणालो, “व्याख्यान छान झालं.”

त्यांनी दगड उचलून धोतराच्या सोग्याने पुसला.

“मी एडनाहून पोचलो तवा सारे रडून मोकळे झालते, बापू. तेरवीबी उरकली होती. मंग मी कोनापाशी काढू तिची गोष्ट?”

मी मधली खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली.

“आज झाली म्हणायची तेरवी,” ते म्हणाले, आणि धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर हलकेच राख ओढली.