बारा गुलाब आणि रोजचा अर्धा इंच

"आई, तू खुशाल जा. रविवारी येशील तेव्हा ही फुलं आजच्यासारखीच असतील. नसली तर माझं नाव बदल."

भिंगरीने हे इतक्या ठसक्यात सांगितलं की तिचं खरं नाव भिंगरी नाहीच, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आई शहराची बस चालवायची. दहा वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, म्हणून रोजच्या प्रवाशांनी मिळून तिला बारा गुलाब दिले. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी फुलं दिली, आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी पहाटे, तिला नव्या बसचं प्रशिक्षण घ्यायला परगावी जायचं होतं. "नीट बघायलाही मिळाली नाहीत गं," एवढंच ती म्हणाली. भिंगरीने कंबर कसली.

तिने सगळी माहिती काढली. पाण्यात बुडणारी पानं खुडायची. पाणी रोज बदलायचं. आणि देठाचं टोक रोज अर्धा इंच तिरकं कापायचं, म्हणजे फूल पाणी ओढतं. रुंद तोंडाची चिनी मातीची उंच बरणी तिने उन्हापासून लांब ठेवली आणि बाबांना अन् आजोबांना बजावलं, "बरणीला कोणी हात लावायचा नाही."

"आम्ही कशाला लावतोय," दोघे एका सुरात म्हणाले.

इथेच तिला शंका यायला हवी होती. एरवी आज वार कोणता यावरही या दोघांचं एकमत होत नाही.

शुक्रवारी ती शाळेतून आली तर गुलाब बरणीत जरा खाली बसलेले. "माना टाकतायत की काय," म्हणत तिने अर्ध्याऐवजी एक इंच कापला. शनिवारी सकाळी बरणीच्या काठावर नुसत्या हनुवट्या टेकलेल्या, जणू बारा जण कुंपणावरून शेजारचं भांडण बघतायत. पुन्हा एक इंच. देठ आखूड वाटले खरे, पण इरेला पेटलेल्या माणसाला असलं बारीकसारीक दिसत नाही.

संध्याकाळी बरणीतून एकही फूल डोकं वर काढेना. तिने आत वाकून पाहिलं. तळाशी बाराही गुलाब टवटवीत, एकमेकांना खेटून बसलेले. देठ बोटाच्या पेराएवढे.

"बाबा!"

बाबा शिंपी. ते शिलाई मशीनमागून उठलेच नाहीत. "तुझा काप वेडावाकडा होता गं. मला बघवेना. एक देठ सारखा केला की दुसरा लांब वाटायचा."

"किती वेळा केलात?"

"तू झोपलीस की. आणि उठायच्या आधी."

"अण्णा, तुम्ही तरी तिला सांगा," बाबांनी मदतीसाठी आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली. ते चष्मा पुसत म्हणाले, "तू शाळेत असायचीस. दुपारचा डोस चुकला असता."

भिंगरी मटकन खाली बसली. मग उठली. हरायचं नाही म्हणजे नाही. घरातले झाडून सगळे कप तिने टेबलावर मांडले, बरोबर बारा भरले, आणि प्रत्येकात पाणी घालून एकेक गुलाब बसवला.

रविवारी आई आली. बॅग खांद्यावरच ठेवून ती टेबलापाशी थांबली. तिघेही भिंतीला पाठ लावून उभे. तिने एकेका फुलाला बोट लावत टेबलाला पूर्ण फेरी मारली.

"अगदी होती तशी आहेत गं," ती म्हणाली. "शब्द पाळलास."

भिंगरीची मान एवढी ताठ झाली की बाराही गुलाबांना मिळून जमली नसती.

"बरं, चार तास बसून आलेय. चहा कशात देताय?"

बाबांचा हात जवळच्या कपाकडे गेला.

"फुलाला हात लावाल तर याद राखा," आई म्हणाली, आणि चहा झाल्यावर पातेलंच तोंडाला लावलं.