सखाराम भाऊजींची कटिंग

आमचे शेजारी सखाराम भाऊजी भेटले की माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी केसांकडे बघतात. मग म्हणतात, "लई वाढल्यात. कटिंग मागत्यात."

हा एकच इंग्रजी शब्द त्यांच्याजवळ आहे आणि तो ते सगळीकडे लावतात. डाळिंबाची छाटणी म्हणजे कटिंग. अर्धा कप चहा म्हणजे कटिंग. बोलता बोलता फोन बंद पडला तरी कटिंग झाली. नारायणगावला मोतीबिंदू काढला, ती डोळ्याची कटिंग. भावकीतल्या एका जोडप्याचा काडीमोड झाला तेव्हा मीच म्हटलं, कटिंग झाली म्हणा. तर माझ्यावरच डोळे वटारले. "वयनी, कुणाच्या संसाराला असं बोलू नाय."

त्यांची मेंढरं होती तोवर बरं होतं. लोकर कातरावी तर भाऊजींनीच. पुढे गुडघे गेले, मुलाने मेंढरं विकली. कातर तेवढी राहिली. तिला धार लावून ते डोकं शोधत फिरतात. मुलगा सलूनात जातो. भाऊजी दिसले की बायका पोरांना घरात घेतात.

एकदा ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस आला. भाऊजी म्हणाले, "बसा पावणं, कटिंग करू." त्याला वाटलं चहा. ओट्यावर ऐसपैस बसला. भाऊजींनी मागून त्याच्या गळ्याला टॉवेल गुंडाळला आणि सवयीने पाय बांधायला दोरी शोधू लागले. तो मोटारसायकल टाकून पळाला.

मागच्या पावसाळ्यात मी महिनाभर तापाने पडून होते. उठले तेव्हा केसांचा गोळा झालेला, फणी शिरेना. सून म्हणाली, कापूनच टाका. मलाही केसांचं अप्रूप उरलं नव्हतं. भाऊजींना निरोप धाडला. माझ्या डोक्यावर का होईना, हौस फिटेल. गुडघे विसरून आले.

त्यांनी गोळा चाचपला. मग कातर खाली ठेवली आणि सुनेकडे खोबरेल मागितलं.

मी म्हटलं, "अहो, कटिंग करा की."

"नाय लागत."

एकेक गुंता बोटांनी सोडवत बसले. दुपार कलली. एके ठिकाणी ओढ बसली तशी मी मान झटकली. त्यांनी माझा कान अलगद धरला आणि पुटपुटले, "उभी ऱ्हा गं भुरे. झालंच."

माझं नाव भुरी नाही. भुरी त्यांची सगळ्यांत शेवटी विकलेली मेंढी. आणि मी उभीही नव्हते, खाटेवर बसले होते.

मी मान हलवायची थांबवली.