फुंकरीची प्रमाणित पद्धत

वरून आदेश आला. प्रत्येक शाळेने एक पारंपरिक ज्ञान शोधून ते ‘जीवनकौशल्य व आरोग्य’ या विषयात समाविष्ट करावे. ज्ञान सापडत नसल्यास तसे न कळवता शोध चालू ठेवावा. मुख्याध्यापकांनी सभा बोलावली. सगळे शिक्षक आपापल्या चहाच्या कपात ज्ञान शोधू लागले.

“मूल पडलं, खरचटलं, की आपण फुंकर घालतो,” दुसरीच्या धाकट्या बाई हळूच म्हणाल्या. “माझी आई घालायची, तिची आई घालायची. घालताना म्हणायचं, ‘फू गं फू, कळे जा तू.’ चालेल का सर?”

“चालेल? अहो, धावेल!” मुख्याध्यापक खुशीत आले. “हे पार पडलं की तुमची नोकरी कायम. माझ्याकडे लागलं!”

बाई कितीतरी वर्षं तात्पुरत्या होत्या. दर सुट्टीत त्यांची नोकरी पानासारखी गळायची आणि शाळा उघडली की पुन्हा फुटायची. त्या मोहरून गेल्या.

मग समिती बसली. तोंडात जंतू असतात हे तिच्या ध्यानात आले, म्हणून फुंकरीला मास्क सक्तीचा झाला. मास्कातून वारा येईना, म्हणून हातपंखा मंजूर झाला. ‘कळे जा तू’ यातला एकेरी उल्लेख सदस्यांना खटकला. त्या जागी ‘हे वेदने, आपण येथून सत्वर प्रस्थान करावे’ असा पाठ ठरला. पोळ्या लाटताना बाई तो घोकू लागल्या.

“आई, कळ कशी जाईल गं?” त्यांची लेक चिमी म्हणाली. तीही त्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती. “तिला समजणारच नाही.”

“तिला नाही समजलं तरी चालेल, साहेबांना समजलं पाहिजे. जा, हात धू.”

पालकसभेत एकच शंका निघाली: “याला मार्क किती?” मार्क आहेत म्हटल्यावर कोपऱ्यावर फुंकरीचा क्लास निघाला. सुट्टीतली तुकडी वेगळी.

तपासणीचे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. सुरक्षिततेसाठी मैदानावर धावायला बंदी होती. अख्ख्या शाळेत फुटलेला गुडघा नव्हता.

“आमच्या पिंट्याला पाडा की सर,” एक पालक म्हणाले. “थोडंसंच. साहेबांना दिसेल असं.”

“त्यालाच का? आमची काय पडत नाही?” दुसऱ्या एका मुलाची आई उसळली.

भांडण नको म्हणून मुख्याध्यापकांनी चिमीच्या गुडघ्याला लाल शाई लावायचं ठरवलं.

त्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. चिमी ठरल्याप्रमाणे मंचावर आली आणि साहेबांसाठी अंथरलेल्या गालिच्याच्या काठाला अडखळून दाणकन आपटली. गुडघा सोलवटला. शाईखालून खरं रक्त आलं.

“आई गं!”

बाई धावल्या. वाकल्या. ओठांचा चंबू झालासुद्धा.

“बाई, मास्क!” मुख्याध्यापक दातओठ खात कुजबुजले. “नोकरी!”

बाई थबकल्या. मास्क चढवायला गेल्या, तर त्याची दोरी कानातल्यात अडकली. ती सुटेपर्यंत पंखा टेबलाखाली गेला. “हे वेदने,” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, “आपण येथून…” आणि पुढचं आठवेना.

चिमी हुंदके देत आईकडे बघत राहिली. मग तिनेच गुडघा तोंडाशी ओढला. “फू गं फू, कळे जा तू.” बाहीला नाक पुसलं. “राहू दे आई. गेली.”

साहेबांनी शेरा दिला. अशा प्रसंगीही बाईंनी नियम मोडला नाही, सबब त्यांची नोकरी कायम करण्यात येत आहे. मुलीने विनामास्क आणि अप्रमाणित पाठाने फुंकर घातली, सबब ती जीवनकौशल्यात नापास. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी हार घालून घेतला, पण लेकीकडे बघणं काही त्यांना जमलं नाही.

गुडघा ओढून घेण्याआधी त्या पोरीने एकदा सभागृहावरही नजर फिरवली होती, कुणी येतंय का म्हणून. पहिल्या रांगेत तुम्ही होतात. तुम्हाला ना समितीचा नियम होता, ना नोकरीची भीती. हात तेवढा रिकामा नव्हता. असो. तुमचा व्हिडिओ सगळ्यांत छान आला आहे. गुडघा अगदी स्पष्ट दिसतो.