बॉनेटवरचं उघडं नाक

मुलांनो, एक जंगल होतं. त्या जंगलात सगुणा नावाची एक सशीण राहायची आणि तिला तीन दिवस झोप नव्हती.

काळजी तिला नवी नव्हती. पण या वेळची मोठी होती. तिची ठिपकी ज्या पिकअपमधून शाळेत जायची, त्या पिकअपचं नाक उघडं होतं.

हे नाक कुठून आलं, ते आधी सांगते.

शाळा टेकडीवर होती. पिल्लांना न्यायला भोजाअण्णा अस्वलाची पिकअप होती. पुढे अण्णा, मागे हौद्यात अकरा पिल्लं. पण शेवटच्या चढाला पिकअपला धाप लागायची. मग अकराही पिल्लं खाली उतरून ढकलायची. तोवर घंटा झालेली असायची. घोरपडबाई उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर उभं करायच्या. दारातून जेवढी दिसली तेवढीच बेरीज ठिपकीला येत होती. त्यात बाईंनी चिठ्ठी पाठवली: आणखी एकदा उशीर झाला की सगळ्यांची नावं पटावरून कमी.

अण्णा पिकअप घेऊन साळिंदर मिस्त्रीकडे गेले. या मिस्त्रीला हत्यारांची पेटी लागत नसे. पाने, पकडी सगळं पाठीवरच खोचलेलं. त्याने बॉनेटला कान लावला.

"अण्णा, ही बॉनेटखालची गरम हवा ओढतेय. स्वतःच तापवायची, स्वतःच ओढायची. दम कुठून येणार? वरून नाक बसवू. बाहेरची थंड हवा थेट आत."

"म्हणजे चांगल्या बॉनेटला भोक?"

"नाक म्हटलं की भोक आलंच की हो."

मिस्त्रीने खडूने आखलं, पत्रा कापला, कडा कानशीने घासल्या. वर नाक बसवलं, खाली फिल्टर आणि रबरी नळी जोडली, क्लिपा आवळल्या. दुसऱ्या दिवशी पिकअप तो चढ अशी चढली, की बाईंची वेणीसुद्धा घालून झाली नव्हती.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ठिपकी घरी येऊन म्हणाली, "आई, आमची गाडी आता थंड हवा खाते."

सगुणाच्या हातातलं गाजर खाली पडलं. "थंड? सकाळची? डोक्यावर काही न घेता?"

सगुणा शिकलेली होती. नुसत्या हवेने सर्दी होत नाही, हे तिने वाचलं होतं. पण वाचलेलं दिवसा आठवतं आणि काळजी अंथरुणात येते. त्याला ती काय करणार? (मी तिची बाजू घेत नाहीये. मी फक्त सांगतेय.)

तीन दिवस तिने कळ काढली. चौथ्या दिवशी ती बाकीच्या आयांकडे गेली.

"अगं बाई, आणि पिल्लं मागेच बसतात!" खारीण म्हणाली. "गाडी शिंकली की सगळं मागेच येणार!"

"माझ्या बंटूचं तर नाक आधीच वाहतंय," मुंगशीण म्हणाली.

मग आयांनी मिळून लाल लोकरीची कानटोपी विणली. गोंड्याची. ती नाकावर घट्ट बसवली. पिकअपची हनुवटी नेमकी कुठे, यावर थोडी भांडणं झाली. शेवटी टोपीचे बंद बंपरखाली बांधले. अण्णा बघत राहिले. अकरा आया समोर असल्या की अस्वल असून काही उपयोग होत नाही.

सकाळी पिकअप सुरू झाली आणि खोकली. मागून काळा धूर आला.

"बघा!" सगुणा म्हणाली. "हवा आधीच बाधलीय. टोपी घालायला आपणच उशीर केला."

मग टोपीवर शाल आली. बॉनेटला बाम चोळला. आरशाला ओव्याची पुरचुंडी बांधली. पिकअप आणखी खोकू लागली. त्या दिवशी पिल्लांनी ढकलत ढकलत तिला वर नेलं आणि शेवटचं पिल्लू आत शिरताना घंटा वाजली.

मिस्त्री धावत आला. "वहिनी, ती टोपी काढा. गुदमरतेय ती."

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"त्यांची आजारपणं कोण काढतं?"

मिस्त्रीने पाठीवरचा एक पाना काढला, पाहिला आणि परत खोचला.

दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशीच पिकअप बंद पडली. आया आणि मिस्त्री धावतच तिथे आले. घंटेला थोडाच वेळ उरला होता. पिल्लांनी ढकललं, हलेना. ठिपकी रडायला लागली. "आई, माझं नाव कमी होणार."

सगुणा आईच ती. तिने चूल मांडली, पातेलंभर पाणी उकळलं, बॉनेटखाली ठेवलं आणि वरून घोंगडी पांघरली.

"वाफारा," ती म्हणाली. "आता छाती मोकळी होईल. पिल्लांनो, हौद्यात चढा. अण्णा, किल्ली फिरवा."

अण्णांनी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. पिकअप गुरगुरली, थरथरली आणि प्रचंड मोठ्याने शिंकली. घोंगडी उडाली. शाल उडाली. कानटोपी तर बंदांसकट शेजारच्या सागावर जाऊन बसली.

नाक उघडं पडलं. थंड हवा आत शिरली. पिकअप पिल्लांसकट चढावरून सुसाट गेली. घोरपडबाईंच्या हातात घंटेचा हातोडा होता, तो तसाच राहिला. अकराही नावं पटावर राहिली.

"वाफारा लागू पडला!" आया एकदम म्हणाल्या. सगुणाने डोळे पुसले.

मिस्त्रीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. अकरा आयांकडे पाहिलं. मिटलं.

तेव्हापासून त्या जंगलात मिस्त्री प्रत्येक पिकअपला आधी नाक बसवतो आणि मग त्या नाकाच्याच मापाची कानटोपी देतो. दर सोमवारी चढाच्या पायथ्याशी वाफारा असतो.

तात्पर्य: थंड हवा आत यावी म्हणून भोक पाडावं आणि ते बुजवायला घरात एक आई असावी. आईचं कधी चुकत नाही. चुकते ती गाडी.

ही गोष्ट मी सगळ्यात आधी माझ्या साडेचार वर्षांच्या कृत्तिकाला सांगितली. तिने शेवटपर्यंत अगदी शांत बसून ऐकली. मला भरून आलं. मग तिने कानटोपीची एक बाजू वर केली आणि म्हणाली, "आई, आता सांग. यातून काहीच ऐकू येत नव्हतं."