पाठमोऱ्या ढोलांची हकीकत

श्रीगजवदनास नमन, नादास नमन, आणि ज्यांचे कान अद्याप शाबूत आहेत त्या श्रोत्यांसही नमन करून हकीकत लिहिली जाते ती ऐसी. शके सत्राशे बारा, साधारणनाम संवत्सर, भाद्रपदमास. ते समयीं एक राज्य होते. राज्याचे नाव विचारू नये. आपल्या गावाशी मेळ बसल्यास गप्प राहावे. त्या राज्यात ढोल-ताशांची दोन दळे नांदत होती, एक उगवतीच्या वेशीचे आणि एक मावळतीच्या वेशीचे. दरसाल विसर्जनाचे दिवशी दोन्ही दळांनी राजमहालाच्या सज्जाखाली वाजवावे, आईसाहेबांनी सज्जात बसून ऐकावे, आणि ज्याचे वादन सरस त्यास वर्षभर जरीचे निशाण बहाल व्हावे, ऐसा शिरस्ता होता. मावळतीच्या दळाचे सरनोबत गिरजोजी नाईक. पुरुष वजनदार, मिशा भरघोस, आवाज घनगंभीर. परंतु त्यांच्या जिभेवर 'नाही' हा शब्द कधी उमटला नव्हता. मागील साली त्यांनी ताशे सारे पुढे लावले, कारण ताशेवाल्यांचे फेटे नवे होते. आणि ढोल मागे गल्लीत लांबवर उभे केले. आता ताशाने ठेका द्यावा आणि ढोलाने तो उचलावा हे पोरासोरांसही ठाऊक. परंतु आवाजासही वाट चालावी लागते, हे कोणाच्या ध्यानीं आले नाही. पुढच्या ढोलाने ऐकले ते मधल्याने उशिरा ऐकले, शेवटच्याने त्याहून उशिरा ऐकले, आणि मग ताशे थांबले तरी गल्लीतले ढोल आपले वाजतच राहिले. लोक हसले, सज्जातल्या दासी पदर तोंडाला लावून हसल्या, निशाण उगवतीस गेले, आणि कारभारी बोलिले, "नाईक, पुढील साली ठेका फाटला तर सरनोबतीची पगडी आपल्या मेहुण्यांस जाईल." मेहुणे म्हणजे सुभानराव, ताशेवाल्यांचे म्होरके. गिरजोजींनी घरी येऊन ही वार्ता सांगितली, तेव्हा त्यांच्या पत्नी उमाबाई बोलिल्या, "गेली तर माझ्या भावाकडेच गेली ना? परक्याच्या डोक्यावर तर नाही. भात निवतो आहे, बसा." नाईकांस घास गिळवेना.

मग वर्ष फिरले आणि रचना बांधण्याचा समय आला. कोणी कोठे उभे राहावे याचा निवाडा सरनोबतांनी करायचा, आणि पहिल्या ओळीची हौस तर सर्वांस. प्रथम सुभानराव आले आणि बोलिले, "दाजी, ताशे मागे ठेवलेत तर मी ताईला तोंड कसे दाखवू?" गिरजोजी बोलिले, "तुम्हीच पुढे." मग ढोलवाल्यांची म्होरकी चिमाक्का आली. बाई अंगापिंडाने थोर, टिपरू हाती घेतले की समोरच्याने सरकून उभे राहावे. ती बोलिली, "गेल्या साली माझी माणसं गल्लीत म्हशीशेजारी उभी होती. म्हैस ठेक्यात होती, आम्ही नव्हतो. औंदा कुठं?" गिरजोजी बोलिले, "पुढे, पुढे. आणखी कोठे?" मग झांजवाले आले आणि बोलिले, "चकचकीत झांजा मागे ठेवून काय, भांडी वाजवायची?" त्यांसही पुढची ओळ मिळाली. येऊन मागितले नाही ते एका भुजंगा टोलवाल्याने. त्याचा पितळी टोल गाड्यावर टांगलेला, आणि गाडा ओढून सरनोबतांच्या दारी यावे एवढी त्यास हौस नव्हती.

तालमीचे दिवशी सकळ दळ नदीकाठच्या माळावर जमा जाहले आणि ज्याने त्याने आपणांस मिळालेला शब्द खरा करून घेतला. पहिली ओळ ऐसी लांबली कीं एक टोक चिंचेखाली आणि दुसरे टोक नदीच्या पाण्यात. आणि दुसरी ओळ म्हणाल तर भुजंगा आणि त्याचा गाडा. सुभानरावांनी मधोमध उभे राहून ठेका दिला. चिंचेखालच्यांनी तो ऐकला तोवर मधले पुढे निघून गेले होते, आणि पाण्यातल्यांनी ऐकलाच नाही, कारण ते एकमेकांस "सरक की" म्हणत होते. कोणास मागे जा म्हणावे तर शब्द मोडतो, न म्हणावे तर पगडी जाते. मग घाम पुसत ते बोलिले, "ऐसे करा, दोन्ही टोके वाकवा. वाकवा, वाकवा, एकमेकांस मिळवा. आता सांगा, मागे कोण आहे?" मागे कोणीच नव्हते. सारेच पहिल्या ओळीत, आणि ओळीचे कडे जाहले. सुभानरावांस मध्यभागी उभे केले, तो मान ऐसे सांगितले. टोलाचा गाडा त्यांचे शेजारी लाविला, कारण तो अन्यत्र मावेना. आणि मग ताशाने ठेका दिला, तो चहूंकडे एकाच वेळी पोहोचला आणि सारे ढोल एका थापेत उतरले. चिंचेवरचे कावळे एकदम उडाले. गिरजोजी स्वतःच दचकले, परंतु लगेच मिशीवर हात फिरवून बोलिले, "हेच योजिले होते." भुजंगाने त्यांच्याकडे पाहिले आणि टोल पुसू लागला.

इतक्यात चिमाक्काने टिपरू काखेस मारले आणि विचारले, "सरनोबत, गोल झाला खरा. पण गोलात महालाकडं पाठ कुणाची?" आईसाहेबांस पाठ दाखविणे म्हणजे गुन्हा. त्याखातर लोक दरबारातून उलट्या पावलांनी बाहेर पडत आणि उंबऱ्यावर आपटत. काल जे पहिल्या ओळीसाठी भांडले त्यांस आता शेजाऱ्याची योग्यता दिसू लागली. झांजवाले बोलिले, "तो मान वडीलधाऱ्या ढोलांचा." ढोलवाले बोलिले, "झांजा हलक्या, त्या चटकन वळतील." चिमाक्का बोलिली, "मी राहते. पण एकटी नाही. माझ्या शेजारी ढोल बांधून सरनोबत, तुम्ही. गुन्हा होईल तो दोघांचा." सरनोबतांची जागा परंपरेने सर्वांपुढे, सज्जाकडे तोंड करून, हाती चांदीची काठी. तीत मान पुष्कळ आणि काम काहीच नाही. सुभानराव तत्काळ बोलिले, "दाजी, तुम्ही ढोल बांधा, काठी मी धरतो. ताशा काय, कोणीही वाजवील." गिरजोजींनी मध्यभागाकडे पाहिले. ताशा हलला तर कडे हलेल, कडे हलले तर ठेका फाटेल, हे त्यांस प्रथमच स्वच्छ दिसले. आणि ते बोलिले, "नाही." लोकांनी एकमेकांकडे पाहिले, कित्येकांस वाटले कीं नाईकांस ठसका लागला. "नाही," ते पुन्हा बोलिले, "तुम्ही मध्येच राहायचे. काठी घरी राहील."

विसर्जनाचे दिवशी उगवतीचे दळ आधी वाजवून गेले. ओळी सुतात, फेटे एका रंगाचे, आणि प्रत्येकाची मान सज्जाकडे. मग मावळतीच्यांनी कडे बांधले आणि गिरजोजी व चिमाक्का सज्जाच्या अगदी खाली पाठमोरे उभे राहिले. ठेका सुरू जाहला आणि पाठोपाठ कारभारी सज्जातून गरजले, "नाईक, पाठ! महालास पाठ दाखविता?" गिरजोजींची मान वळू लागली. चिमाक्का ओठ न हलविता बोलिली, "वळलात तर थाप चुकंल. पगडी सांभाळायची का ठेका, ते बघा." पगडी तर घामाने कपाळावर उतरलीच होती. गिरजोजींनी सुभानरावांच्या काड्यांवर नजर रोवली आणि थाप मारीत राहिले. आणि कारभारी दोनदा, तीनदा गरजले ते ढोलांत बुडून गेले. टोल पडला आणि सारे दळ एका क्षणी थांबले. मागे एकही ढोल वाजत उरला नाही.

आईसाहेब वृद्ध, नजर मंदावलेली. त्या बोलिल्या, "समोरच्यांची तोंडे आम्हांस पुसटच दिसतात. उगवतीचे लोक वाजविताना आम्ही पाहतो कीं नाही तेवढे पाहत होते. ह्या दोन पाठींनी एवढी हाक ऐकूनही वळून पाहिले नाही. निशाण ह्यांस द्या, आणि शालीही." कारभारी अडखळत बोलिले, "आईसाहेब, पण त्यांनी पाठ..." आईसाहेब बोलिल्या, "शाल पाठीवरच घालतात, कारभारी. तोंडावर घातलेली आम्ही पाहिली नाही." मग शाली आल्या आणि गिरजोजी व चिमाक्का उभे होते तैसेच त्यांच्या पाठींवर पडल्या. रात्रौ उमाबाईंनी शाल उलटसुलट पाहिली आणि बोलिल्या, "जरीकाम चांगले आहे. माझ्या भावाला किती शोभली असती." नाईक दोन वेळचे एकदम जेवले.

एवंच निशाण आले, पगडी राहिली. पुढील साली काय जाहले तेही थोडक्यात लिहिले पाहिजे. सुभानराव आले, झांजवाले आले, ढोलवाले आले, आणि प्रत्येकाने महालाकडे पाठ करण्याची जागा मागितली. आणि गिरजोजींचा 'नाही' हा शब्द मागील साली खर्ची पडला होता, सबब प्रत्येकास ती मिळाली. तालमीचे दिवशी कडे अलीकडच्या बाजूस दाटत दाटत सपाट जाहले, आणि माळावर पुन्हा एकच लांब ओळ उभी राहिली, महालाच्या दिशेस पाठ करून, एक टोक चिंचेखाली आणि एक पाण्यात. गिरजोजी वळसा घालून पलीकडच्या बाजूस गेले. तेथे भुजंगा आपला गाडा लावून, महालाकडे तोंड करून, एकटाच उभा होता. नाईक बोलिले, "ही जागा मोकळी कशी राहिली?" भुजंगा बोलिला, "सरनोबत, मागील साली सारे पहिली ओळ पहिली ओळ म्हणून भांडत होते, ती महालाकडे तोंड असलेली जागा हीच की."