रेघेपलीकडचे तात्या

स्वाईन फ्लूच्या साली आमच्या शेजारच्या तात्यांनी अंगणात चुन्याची रेघ मारली. पाहुणा आला की ते ओटीवरून ओरडत, "थंयच रवा! दोन सीट सोडून!" तात्या मालवण-कोल्हापूर गाडीवर कंडक्टर. त्यामुळे जगातलं कुठलंही अंतर ते सीटमध्ये मोजत.

आयुष्यभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून लोकांना कोंबणारा हा माणूस त्या वर्षी "मागे सरा" म्हणू लागला. फोंडाघाटात कुणी शिंकलं तर घंटी मारून गाडी थांबवायचा आणि त्याला खिडकीशी बसवूनच पुढे निघायचा. पुण्याहून भाच्याने पेढे आणले, ते तुळशीपाशी ठेवायला लावून तात्यांनी दोन दिवस उन्हात शुद्ध केले. तिसऱ्या दिवशी नुसता पुडा उरला. मुंग्यांना रेघ दिसली नसावी.

वाडी हसली. मी हसलो नाही, कारण एवढं हसण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी मास्तर. वाडीत कुणाचं कुणाशी बिनसलं की निरोप घेऊन मलाच धाडतात. शिवाय तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, दमा मला ठाऊक होता. आदल्या वर्षी त्यांना कणकवलीला ऑक्सिजनवर ठेवलं होतं. "हा ताप यांना झाला तर कठीण आहे," असं डॉक्टरांनी तात्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

मग गणपती आले. आमच्याकडे वाडीचं भजन घरोघर फिरतं. एखादं घर वगळणं म्हणजे त्या घराला वाळीत टाकल्यासारखंच. तात्यांनी निरोप धाडला, "औंदा भजन नको." भजनाचे बुवा खवळले.

"देवाच्या भजनाक कसली रेघ? मास्तर, जावन सांगा. आज नको तर मगे कधीच नको!"

निघालो. मला या जा-ये करण्याचा खरंच वीट आला होता. रेघेवर उभं राहून ओरडायचंही जिवावर आलं, म्हणून मागच्या परसातून गेलो.

तिन्हीसांज होती. खिडकीखाली एका दगडावर तात्या ताट मांडीवर घेऊन जेवत होते. गजांच्या आत, खिडकीपासून हात-दीड हातावर, काकी जेवत होत्या. बाजूच्या लाकडांच्या खोपीत तात्यांची वळकटी दिसली.

"तात्यानू, भायर कित्याक जेवतास?"

"महिनो झालो," ते म्हणाले. "माझ्या गाडीत रोज शंभर माणसां चढतत. कोण खयसून येता, काय म्हायत? तिच्या जवळ मियाच जावक नको."

"रजा घ्या मगे."

"रजा गेल्या वर्षी हॉस्पिटलात संपली."

आतून काकी हसल्या. "लग्न झाल्यापासून माझ्यावांगडा कधी जेवाक बसले नाय. आता रोज बसतत. मी खोकलंय की भायरसून खाकरतत, हंयच आसंय म्हणान सांगूक."

तात्या लाजून ताटात बघू लागले. काकींना तेवढ्यात उबळ आली. तात्यांनी ताट खाली ठेवलं, उठले, हात गजांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी मोठ्याने खाकरलं. उबळ ओसरेपर्यंत खाकरतच राहिले.

बुवांचा निरोप न देताच मी वाटेवर परत आलो. पेटी, टाळ, मृदंग घेऊन सगळे ताटकळत उभे होते.

"काय म्हणालो कंडक्टर?" बुवांनी दरडावून विचारलं.

"परसात बसान जेवतत," मी म्हणालो. "खिडकीच्या भायर. काकी आत."

बुवांनाही काकींचा दमा माहीत होताच. त्यांनी पेटी खाली वाटेवरच ठेवली आणि तिच्यापुढे मांडी घातली.

"जेवांदेत," ते म्हणाले. "आमी हंयसूनच म्हणतंव. जरा मोठ्यान म्हणा रे, आतपर्यंत जावक व्हया."